आईबाबांना व्हिटॅमिन सी ची गोळी सोसत नसेल तर काय करायचं

माझ्या आईचं वय ७६. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जशी सगळ्यांच्या घरात आली तशी आमच्याकडेही व्हिटॅमिन सी ची ती ५०० ची चघळायची केशरी गोळी आली, सोबत झिंकची आली, आणि कोरोना गेला तरी आईची सकाळची गोळी काही गेली नाही कारण आता बंद कर असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग हळूहळू अकराच्या सुमारास छातीत जळजळ, आंबट ढेकरा, मधेच पोटात कळ येऊन दोनतीनदा संडासला जावं लागणं असं सुरू झालं, त्यावर रोज उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल सुरू झाली, ती दीड वर्ष चालली, आणि या सगळ्यात मुळात पहिली गोळी हिला लागते का हे आम्ही कुणीच विचारलं नाही. शेवटी नवीन डॉक्टर बाईंनी घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीतून टेबलावर काढायला लावल्या, एकेक हातात घेऊन ही कशासाठी, ही कुणी दिली असं विचारलं, आणि आमच्याकडे दोन गोळ्यांचं उत्तर नव्हतं, त्यातली एक ही व्हिटॅमिन सी ची.

म्हणून हे लिहितेय. गोळी वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, व्हिटॅमिन सी शरीराला लागतंच. पण म्हाताऱ्या माणसाचं पोट त्या गोळीने बिघडत असेल तर अ‍ॅसिडिटीची दुसरी गोळी सुरू करायच्या आधी ही पहिली गोळी किती, कुठली, कधी आणि कशी घेतली जातेय ते बघायचं, बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

पहिल्यांदा एक गोष्ट, जी थांबवून ठेवायची नाही

साठीच्या पुढच्या माणसाने, त्यातही शुगर असलेल्याने, "छातीत जळजळतंय, अ‍ॅसिडिटी झाली असेल" असं म्हटलं आणि सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, एकदम गळून गेल्यासारखं वाटणं यातलं काहीही असेल तर ते हृदयाचं असू शकतं, तेव्हा जिरे-ओवा, सोडा, अँटासिड काही देत बसू नका, सरळ ईसीजीला घेऊन जा. तसंच डांबरासारखी काळी चिकट शी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, घास अडकतोय, वजन उतरत चाललंय, रात्री दुखण्याने जाग येतेय, यातलं काही असेल तर पुढचं सगळं वाचण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरकडे जा. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते हे खरं, पण ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची नसते, आणि शंका असेल तर ठरवायचं काम आपलं नाही.

खरंच व्हिटॅमिन सी मुळेच होतंय का

घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा, आयुर्वेदिक पावडरी, दुकानातून आणलेलं टॉनिक, शेजारच्या काकूंनी दिलेलं कॅप्सूल, सगळं. मला स्वतःला हे करून धक्का बसला होता, आईच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही सी होतं आणि सकाळच्या पावडरमध्येही होतं, म्हणजे ५०० वाटत होतं ते प्रत्यक्षात जास्त होतं.

मग बघा की पोटावर येणारं दुसरं काय काय चालू आहे. उपाशीपोटी झिंक घेतलं की मळमळतं हे फार कॉमन आहे, आणि कोरोनापासून सी आणि झिंक जोडीनेच घ्यायची सवय लागल्यामुळे झिंकचा त्रास सी च्या नावावर जातो, कधी उलटंही होतं. लोहाच्या गोळीने पोट दुखतं, शी घट्ट होते. शुगरच्या मेटफॉर्मिनने जुलाब होतात, विशेषतः डोस नुकताच वाढवला असेल तर. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा तसलं काही, हृदयासाठी ७५ ची अ‍ॅस्पिरिन, ही दोन्ही जठराचं आतलं अस्तर कमजोर करतात, आणि अशा आधीच चिडलेल्या अस्तरावर आंबट गोळी पडली तर जळजळ होणारच. म्हणजे काही वेळा दोष सी चा असतो पण खरा घाव दुसऱ्याचा असतो. ही प्रिस्क्रिप्शनची औषधं मात्र आपल्या मनाने बंद करायची नाहीत, अ‍ॅस्पिरिन तर नाहीच नाही. फक्त कागदावर लिहून ठेवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

त्रास दोन प्रकारचा असतो

हे कळलं की उपाय शोधणं सोपं जातं.

एक त्रास वरचा, म्हणजे छातीत, गळ्याशी, जठरात जळजळ, मळमळ. साध्या व्हिटॅमिन सी चं केमिकल नाव अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे ते आम्लच आहे. जठरातलं स्वतःचं आम्ल याच्यापेक्षा कितीतरी तीव्र असतं, त्यामुळे धडधाकट जठराला त्याचं काही वाटत नाही, पण अन्ननलिकेला आम्लाची सवय नसते. वयाप्रमाणे तोंडातली लाळ कमी होते, अन्ननलिकेची अन्न खाली ढकलायची हालचाल मंदावते, बरेच आजी-आजोबा रात्री संडासला उठावं लागेल म्हणून पाणीच कमी पितात, आणि मग एक घोट पाण्याबरोबर गिळलेली गोळी छातीच्या मागे कुठेतरी चिकटून बसते आणि तिथेच विरघळते. त्या एका जागी आम्ल तीव्र होऊन जखम होऊ शकते. असं करणाऱ्या औषधांमध्ये डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, लोह, पोटॅशियम, हाडांची आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेट यांच्या जोडीला व्हिटॅमिन सी सुद्धा येतं. गोळी गिळल्यावर छातीच्या मधोमध दुखतंय, गिळताना टोचतंय असं कुणी सांगितलं तर ही शक्यता लक्षात ठेवा.

दुसरा त्रास खालचा, म्हणजे गॅस, मुरडा, पातळ शी. याचा आम्लाशी फारसा संबंध नाही. आतडं एका वेळी ठराविकच सी शोषू शकतं. रोज ३० ते १८० मिलिग्रॅम पोटात जात असेल तर त्यातलं ७० ते ९० टक्के शोषलं जातं, पण १ ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी. उरलेलं आतड्यातच राहतं, पाणी ओढून घेतं, आणि जुलाब होतात. म्हणून या त्रासावर अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन काहीच होत नाही, इथे डोसच कमी करावा लागतो. तरुण माणसाला दोन वेळा पातळ झालं तर तो ताक पिऊन मोकळा होतो, पण ज्यांना बीपीची गोळी आणि वर पाणी काढायची गोळी चालू आहे अशा माणसाच्या अंगातलं पाणी आणि क्षार पटकन कमी होतात, उठताना चक्कर येते, बाथरूममध्ये पडतात आणि खुबा मोडतो. म्हणून "थोडंसं पोट सुटलंय" हे वय झालेल्या माणसाबाबतीत हलक्यात घेऊ नका.

आणि एक तिसरंच कारण असतं जे कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे शुगर-फ्री चघळायच्या गोळ्या आणि गमीज, यात सॉर्बिटॉल, मॅनिटॉल असली गोडवा आणणारी द्रव्यं असतात, त्याने स्वतंत्रपणे गॅस आणि जुलाब होतात. पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा.

लागतं तरी किती

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जे आकडे दिले त्यात पुरुषांसाठी दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि बायकांसाठी ६५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत हेच ९० आणि ७५ धरतात, सिगारेट ओढणाऱ्याला ३५ जास्त. म्हणजे आई जी ५०० ची घेत होती ती तिच्या दिवसाच्या गरजेच्या सातपटीहून जास्त होती, जेवणातलं न धरता. मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम धरतात, पण ती धडधाकट माणसासाठी आहे, आणि नाजूक पोट त्याच्या कितीतरी आधी कुरकुर करतं.

जास्त घेतलं तर जास्त फायदा असं इथे होत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या संशोधकांनी सात निरोगी तरुणांना काही महिने दवाखान्यात ठेवून ३० पासून २५०० मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळे डोस देऊन मोजलं, तर २०० मिलिग्रॅम जवळजवळ पूर्ण शोषलं गेलं आणि ५०० च्या पुढे जे शोषलं गेलं त्यातलंही बरंचसं लघवीतून बाहेर पडलं. आपले ज्येष्ठ तरुण नाहीत हे मान्य, पण ग्रॅम-ग्रॅमभर गिळायचं कारण नाही हे यातून कळतं.

सर्दीचं म्हणाल तर नियमित घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी साधारण ८ टक्क्यांनी लवकर बरी होते असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलंय, म्हणजे सात दिवसांची सर्दी अर्धा दिवस आधी संपते एवढंच, आणि सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली तर ठाम फायदा दिसलेला नाही. तेवढ्यासाठी आईला रोज मुरडा सोसायला लावायचा का हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर नाही असं आलं.

बंद करून बघायचं, मग परत सुरू करायचं

गोळी डॉक्टरांनी ठराविक कारणाने दिली असेल, म्हणजे ऑपरेशननंतर जखम भरायला किंवा लोहाच्या गोळीसोबत, तर आधी त्यांना विचारा. आपल्या मनानेच चालू असेल तर दोन आठवडे पूर्ण बंद करा. दोन आठवड्यांत शरीरातलं सी संपत नाही, जेवणात भाजी-फळ असेल तर काळजीचं काहीच नाही. या दिवसांत बाकी काही बदलू नका, नवीन चूर्ण नको, मसाला एकदम कमी नको, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवरच रोज एक अक्षर लिहायचं, जळजळ झाली तर ज, पोट सुटलं तर स, काही नाही तर टिकमार्क. आई हे स्वतः लिहायची, तिला ते आवडलं पण, कारण पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या पोटाचं मनावर घेतलं होतं.

दोन आठवड्यांनी फरक नाही पडला तर दोष सी चा नाही, दुसरीकडे शोधायचं आणि ते डॉक्टरांसोबत. फरक पडला आणि सी द्यायची गरज आहे असं वाटत असेल तर १०० मिलिग्रॅमपासून सुरू करा. १०० ची गोळी सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ५०० ची चघळायची असेल तर गोळ्या कापायच्या प्लास्टिकच्या डबीने तिचे चार तुकडे करा, एक तुकडा दुपारच्या जेवणानंतर. मात्र गोळीवर सस्टेन्ड रिलीज, टाइम रिलीज (म्हणजे हळूहळू सुटणारी) असं काही लिहिलं असेल तर ती मोडायची नाही, मोडली की सगळं एकदम सुटतं. आठवडाभर सोसलं तर तेवढ्यावरच थांबा. २५० लागत असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर सकाळ-संध्याकाळ वाटून द्या, एकदम द्यायला जाऊ नका, वाटून दिलं की शोषलंही जास्त जातं आणि आतड्यात उरतंही कमी.

कुठल्या प्रकारची घ्यायची

साधी अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडची गोळी सगळ्यात आंबट. ज्यांना वरचा त्रास आहे, म्हणजे जळजळ, त्यांना आम्ल मारलेला प्रकार बरा पडतो, मेडिकलवाले त्याला बफर्ड म्हणतात, पाकिटावर सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट किंवा कॅल्शियम अ‍ॅस्कॉर्बेट असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच चघळायच्या गोळ्यांत अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आणि सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट दोन्ही मिसळलेले असतात. पण ज्यांना खालचा त्रास आहे त्यांना बफर्डने फारसा फरक पडत नाही, कारण तिथे प्रश्न किती पोटात गेलं याचा आहे.

सोडियमवाल्यात सोडियम आहे हे विसरू नका, १००० मिलिग्रॅम सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटमध्ये ११० मिलिग्रॅमच्या वर सोडियम येतं. एखाद्या छोट्या डोसने काही बिघडत नाही, पण पाण्यात टाकून फसफसणाऱ्या गोळ्यांचं वेगळं आहे, त्यात फेस येण्यासाठी सोडा घातलेला असतो आणि एकेका गोळीत दोनशे-तीनशे मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचं सगळं मिळून २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि ज्यांच्या जेवणातलं लोणचं-पापड बीपीमुळे बंद केलंय, हार्ट फेल्युअर आहे, पायाला सूज येते, अशांना सकाळी फसफसणारा ग्लास देणं म्हणजे एका हाताने मीठ काढून दुसऱ्या हाताने देणं. गिळायला सोपी म्हणून मुलं परदेशातून आणून देतात, प्रेमानेच देतात, पण लेबल वाचून द्या.

कॅल्शियमवाली असेल आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला शोषू देत नाही.

शुगर असलेल्यांनी चघळायच्या गोळीत साखर किती ते बघायचं, बहुतेकांत असते.

घ्यायची पद्धत, यातच अर्धा फरक पडतो

उपाशीपोटी नको. आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या घ्यायची पद्धत आहे, आईचंही तसंच होतं, मूठभर गोळ्या, कोरा चहा, मग साडेदहापर्यंत काही नाही. जठर रिकामं, त्यात आंबट गोळी, वर चहा. दुपारचं वरण-भात-भाजीचं जेवण झाल्यावर दिलेली तीच गोळी तिला फारशी लागली नाही, त्या एका बदलाने जळजळ निम्म्यावर आली होती.

गिळायची गोळी असेल तर बसून किंवा उभं राहून, आधी एक घोट पाणी पिऊन घसा ओला करायचा, मग गोळी, मग भांडंभर पाणी. नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीमागे उशा लावून बसतं करा आणि तेवढा वेळ बसूच द्या. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांचं ते पाणी दिवसाच्या हिशोबात धरायचं.

चघळायची गोळी चघळायचीच. कवळी लावणारे बरेच जण ती चावता येत नाही म्हणून अख्खी गिळतात, ती आकाराने मोठी असते आणि तीच अडकते. अशांना गोळी खलबत्त्यात कुटून दोन चमचे दही-भातात किंवा पिकलेल्या केळ्यात कालवून द्या. काही जण उलटं करतात, गालात धरून तासभर चोखत बसतात, त्याने दातांचं वरचं कवच झिजतं, त्यातून लाळ कमी असेल तर जास्तच. चघळून झाली की चूळ भरायची, आणि लगेच ब्रश करायचा नाही, अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा, कारण आम्लाने मऊ झालेला दात घासला की आणखी झिजतो.

डबी गॅसच्या शेजारी किंवा फ्रीजवर ठेवू नका, उष्णता आणि दमट हवेने सी खराब होतं. गोळीवर तपकिरी ठिपके आले असतील तर एक्स्पायरी बाकी असली तरी टाकून द्या.

बाकीची औषधं आणि तपासण्या

इथे मी जरा थांबून लिहिते कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

जळजळ झाली की आपण गुलाबी किंवा पांढरं अँटासिड सिरप घेतो. त्यातल्या पुष्कळांत अ‍ॅल्युमिनियम असतं, आणि व्हिटॅमिन सी मुळे, तसंच लिंबामुळेही, ते अ‍ॅल्युमिनियम आतड्यातून जास्त शोषलं जातं. किडनी चांगली असेल तर ते लघवीतून निघून जातं, पण किडनी कमजोर असेल तर साठत राहतं. म्हणजे सी ने जळजळलं म्हणून लगेच वर सिरप प्यायचं ही जी घराघरातली सवय आहे ती किडनीच्या पेशंटसाठी बरी नाही. सत्तरीनंतर बहुतेकांची किडनी थोडी तरी मंदावलेली असते, क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघून डॉक्टरांना विचारा.

मुतखडा होऊन गेला असेल तर मोठे डोस नकोच. सी चं शरीरात काही प्रमाणात ऑक्झॅलेट होतं, आणि खडे बहुतेक त्याचेच बनतात. स्वीडनमध्ये तेवीस हजारांहून जास्त पुरुषांवर अकरा वर्षं लक्ष ठेवलं होतं, २०१३ साली ते छापून आलं, त्यात सी च्या गोळ्या घेणाऱ्यांना खडा व्हायचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट होतं.

रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर मोठ्या डोसने तिचा परिणाम कमी झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून सुरू करताना आणि बंद करताना दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगायचं. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल, शरीरात लोह साठायचा आजार असेल, लाल रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर विचारल्याशिवाय एकही गोळी नाही. हाडांची आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेट असते त्या सकाळी ती एकटीच, साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास काही नाही, सी दुपारी.

आणि तपासणी. शीमधलं न दिसणारं रक्त शोधायची जी जुनी कार्डवरची टेस्ट असते ती सी मुळे खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे रक्त जात असूनही रिपोर्ट नॉर्मल. त्या टेस्टच्या आधी तीन दिवस दिवसाला २५० मिलिग्रॅमच्या वर सी नको असं सांगतात. ज्याचं पोट बिघडलंय त्याचीच ही टेस्ट होते आणि तोच सी खात असतो, म्हणून लॅबवाल्याला आणि डॉक्टरला आपणहून सांगा. लघवीतली साखर बघायच्या पट्टीवर आणि काही ग्लुकोमीटरवरही मोठ्या डोसचा परिणाम होतो, घरचं रीडिंग विचित्र येत असेल तर लॅबमध्ये रक्त देऊन पडताळून बघा.

पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, त्यात मेटफॉर्मिन असेल तर बी-१२ अजूनच. ती एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळतं आणि माणूस घाबरून परत सुरू करतो. आईची डॉक्टरांनी आधी ४० ची २० केली, मग एक दिवसाआड, मग बंद, असे सहा आठवडे लागले. हे डॉक्टरांनीच करायचं, आणि अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्या काही जणांना ती जठराच्या रक्षणासाठी मुद्दाम दिलेली असते, त्यांनी तर हातही लावू नका.

ताटातून

लोकांना वाटतं सी म्हणजे आंबट, आणि आंबट सोसत नाही म्हणून गोळी. पण चिंचेत सी जवळजवळ नसतंच, एवढी आंबट असून. आणि पेरू, जो पिकला की गोडच असतो, त्याच्या १०० ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे मध्यम पेरूच्या अर्ध्यात आईची दिवसाची गरज भागते. पपई, ढोबळी मिरची, फ्लॉवर, कोबी, शेवग्याचा पाला, यातलं काहीच आंबट नाही, सगळ्यात सी आहे. ज्यांना लिंबू-संत्र्याने जळजळतं त्यांनी या बाजूने जायचं.

अडचण दातांची असते. पेरू बियांमुळे कवळीखाली टोचतो, म्हणून खूप जणांनी वीस-वीस वर्षं पेरू तोंडात घातलेला नसतो. पिकलेला मऊ पेरू घ्या, साल काढा, चमच्याने गर काढून पुरणाच्या चाळणीतून दाबून घ्या, बिया वर राहतात आणि खाली लोण्यासारखा गर येतो, चिमूटभर सैंधव, नाहीतर तसाच, दुपारी जेवणानंतर दोन-तीन चमचे. पपई तर चावायलाच लागत नाही. कोबीची कोशिंबीर चावत नसेल तर कोबी अगदी बारीक किसून पाच मिनिटं वाफवा, उकळून पाणी फेकून देऊ नका, सी त्या पाण्यात जातं. लिंबू सोसत असेल तर वरण ताटात वाढल्यावर पिळायचं, उकळत्या आमटीत नाही. आवळा वाफवून बी काढून त्याचा गर दह्यात कालवला तर तुरटपणा मरतो. मोरावळ्यात साखर इतकी असते की शुगरवाल्यांनी त्याला औषध समजू नये. पेरूने सर्दी होते असं आमच्याकडेही म्हणतात, आईने दोन हिवाळे रोज खाल्ला, तिला तरी झाली नाही. किडनीच्या पेशंटने फळं मात्र आहारतज्ज्ञाला विचारून खायची, पोटॅशियमचा प्रश्न असतो.

ज्यांना गोळी खरंच लागते

एकटे राहणारे म्हातारे. मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात, गावच्या घरात आजोबा एकटे, सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात आणि वरण, रात्री दूध-पाव किंवा दूध-बिस्किट. पोट भरतं, पण त्या सबंध दिवसात भाजी नाही आणि फळ नाही, आणि असे महिनोन्‌महिने गेले तर स्कर्व्ही होते, तीच जुन्या काळी जहाजावरच्या खलाशांना व्हायची ती, आजही म्हाताऱ्या माणसांमध्ये सापडते. हिरड्या सुजून रक्त येणं, जरा धक्का लागला की काळंनिळं होणं, पायावर केसांच्या मुळाशी लाल ठिपके, जखम न भरणं, सतत थकवा, पाय दुखणं. वयामुळे होतंय म्हणून सोडून देतात. रक्त पातळ करायच्या गोळीनेही काळंनिळं होतं म्हणून डॉक्टरला दाखवूनच ठरवायचं, पण ते काय जेवतात हे डॉक्टरला नक्की सांगा, फोनवर "जेवलो" एवढंच सांगतात, त्यामुळे ताटात काय होतं ते विचारा.

अशा माणसाला पोट नाजूक आहे म्हणून सी बंद असं करू नका. त्याला १०० मिलिग्रॅम जेवणानंतर, बफर्ड, भरपूर पाण्याबरोबर, आणि शेजारच्या डबेवाल्या ताईंना सांगून आठवड्यातून चार दिवस पपईची फोड डब्यात. माझ्या मामांचं आम्ही असंच लावून दिलंय, ताई फोड घालतात आणि डबा रिकामा आला का ते मला संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतात.